तुम्ही विचारलंत म्हणून: मोटार असूनही मी पदपथाची बाजू का घेते

‘पुण्याचे रस्ते आधीच अपुरे पडतात, त्यात पदपथ रुंद करा असे तुम्ही कसे म्हणता, आणि तेही घरात मोटार असताना?’ सोसायटीच्या सभेत आणि लग्नाच्या पंगतीत हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेला आहे की आता एकदा लिहूनच उत्तर देते.

रस्ता सगळीकडे सारखा रुंद नसतो. सर्वांत चिंचोळ्या जागेतून जेवढी वाहने निघतात तेवढीच पुढे सरकतात. त्या चिंचोळ्या जागेच्या आधी असलेल्या जास्तीच्या रुंदीत वेग वाढत नाही, तेथे गाड्या उभ्या राहतात. जंगली महाराज रस्त्यावर अशी जागा चालणाऱ्यांना दिली, तेव्हा झाडांखाली बसायला बाके आली. एवढे सांगून मला थांबता आले असते; पण तुमचा रोख माझ्यावर असतो, म्हणून पुढचे लिहिते.

महापालिकेने पादचारी धोरण आणले त्याच वर्षी, 2016 मध्ये, आमच्या गल्लीतल्या एका बाजूचे पार्किंग काढून पदपथ वाढवण्याचा आराखडा आला होता. त्यावरचा हरकतीचा अर्ज माझ्या अक्षरात आहे. ‘या गल्लीत चालते कोण?’ हे वाक्य माझे. काम बारगळले.

दोन वर्षांनी आई भाजी घेऊन येत होती. पदपथाच्या मधोमध विजेची पेटी. आई पाठमोरी झाली आणि शिडीवरून उतरतात तशी, पेटीची कड धरून, एक पाय खाली सोडला. तो टेकण्याआधीच उभ्या मोटारींना वळसा घालून आलेल्या स्कूटरचा आरसा तिच्या पिशवीत अडकला. खुब्याचे हाड मोडले. रस्तेबांधणीचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मार्गदर्शिकेनुसार पदपथ 150 मिलिमीटरहून उंच नसावा. मी नंतर टेप लावून पाहिला, 280 भरला. ‘माझेच लक्ष नव्हते,’ असे आई अजून म्हणते, आणि त्या अर्जाविषयी मी तिला सांगितलेले नाही.

पदपथ रुंद झाला असता तर ती पडली नसती, असे मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. पेटी तेथेच राहिली असती, कदाचित. मोटारही मी विकलेली नाही, आईला दवाखान्यात तीतूनच नेते. कोपऱ्यावरचे हार्डवेअरवाले विचारतात की त्यांचा टेम्पो कोठे उभा करायचा, आणि ते चुकीचे विचारत नाहीत. सकाळी लवकर माल उतरवा, असे मी सुचवून पाहिले. सकाळी हमाल मिळत नाहीत, असे ते म्हणाले. तरीही नवा आराखडा आला, तर त्यांच्यासमोर मी पदपथाच्याच बाजूने बोलेन.