बाण उलटा पडतो

दुपारी बारीक अक्षर वाचायला भिंग काढलं होतं. वाचन राहिलं बाजूला. खिडकीसमोरच्या भिंतीशी ते नुसतं मागेपुढे करत बसले. एका जागी भिंतीवर अख्खी खिडकी उतरली. दोन बोटांएवढी. गज, पडदा, बाहेरचं झाड, सगळं डोकं खाली पाय वर. झाड स्पष्ट करावं म्हणून भिंग जरा भिंतीकडे सरकवलं, तर चौकट धूसर झाली. झाड लांबचं, म्हणून आता भिंगापासून भिंतीपर्यंत जेवढी जागा उरली तेवढंच साधारण त्या भिंगाचं नाभीय अंतर, म्हणजे लांबून आलेले किरण जिथे एकत्र येतात त्या नाभीपर्यंतचं अंतर. पट्टीनं मोजून घ्यावं. मी मोजलं नाही.

शाळेत हे सगळं आपण बाणावर शिकलो. किरणाकृतीत वस्तू म्हणजे बाण. नाभीच्या अलीकडे बाण, पलीकडे बाण, दुप्पट अंतरावर पुन्हा बाणच, आणि तिथे मात्र प्रतिमेचा उलटा बाण नेमका तेवढ्याच उंचीचा. मला त्या बाणाचा अजूनही राग येतो. झाड नाही, माणूस नाही, गेला बाजार एखादी मांजर तरी! त्याच्या टोकापासून दोन किरण काढायचे: एक अक्षाला, म्हणजे भिंगाच्या मध्यातून जाणाऱ्या आडव्या रेघेला, समांतर, तो भिंगात वळून नाभीतून जाणार, दुसरा भिंगाच्या मध्यातून सरळ. दोघे भेटले की टोक सापडलं, गुण मिळाले. प्रकाशाकडे एवढे दोनच किरण असावेत, अशा थाटात ती वही मिटायची.

मग एकदा बाईंनी वर्गाच्या खिडक्या लावून मेणबत्ती पेटवली. समोर भिंग, पलीकडे पांढरा पुठ्ठा, त्यावर उलटी ज्योत. बाईंनी जाड कागदानं भिंगाचा वरचा अर्धा भाग झाकला. "आता अर्धीच राहणार," मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं. ज्योत पूर्ण राहिली. मंद झाली एवढंच. फळ्यावरचा तो समांतर किरण तर कागदानं सरळ अडवला होता, तरी ज्योतीचं टोक जागच्या जागी. टोकापासून निघालेला प्रकाश सगळ्या भिंगावर पसरतो आणि भिंगाचा प्रत्येक तुकडा तो त्याच एका जागी आणून सोडतो. निम्मे तुकडे रजेवर गेले तरी उरलेले काम पुरं करतात. बाईंनी कागद आणखी वर-खाली केला. त्यांनाही मजा येत असावी. मेणबत्ती विझवल्यावर पुन्हा बाण सुरू झाले, परीक्षा जवळ होती.

आरशाबद्दल तर बोलायलाच नको. नीट उंचीवर लावला तर उंचीच्या निम्मा आरसा नखशिखान्त दिसायला पुरतो, आणि मागे सरकून काडीचा फरक पडत नाही. हे कुणालाही पटत नाही. लोक मागे सरकतातच. मला पटलेलं आहे, तरी मी सरकते. सपाट आरशातली प्रतिमा आपण जेवढे पुढे तेवढीच मागे असते, याचा खरा फायदा डोळे तपासणाऱ्यांनी उचलला: खोली लहान असली की तीन मीटरवर आरसा लावतात, अक्षरांचा तक्ता तपासायला आलेल्याच्या डोक्याशी टांगतात आणि आरशातून तो सहा मीटरवर नेऊन बसवतात. भिंत न पाडता.

आणि हा डोळा, ज्यानं मी उलट्या खिडकीला हसत होते, त्याच्या आतही मागच्या बाजूच्या पडद्यावर सगळं उलटंच पडतं. खगोलशास्त्रज्ञ केप्लरनं १६०४ मध्ये ते मांडलं. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तनं १६३७ च्या ग्रंथात बैलाच्या डोळ्याची मागची बाजू सोलून ते प्रत्यक्ष बघायची रीतच लिहून ठेवली. मग आपल्याला जग सुलटं का दिसतं? केप्लरनं प्रतिमेचा हिशोब पडद्यापर्यंत चोख आणून दिला आणि पुढचं तत्त्वज्ञांनी बघावं म्हणून सोडून दिलं. एवढं काम केल्यावर माणसाला तेवढी मुभा असावी. मला ती काही न करताच हवी आहे.