जुन्या फियाटचं इंजिन: नवीन पार्ट शोधण्याआधी जुने वाचवले, माझा अनुभव

माझी फियाट ११००, तेच १०८९ सीसीचं चार सिलेंडर इंजिन, निळा धूर सोडायला लागली आणि गरम झाल्यावर ऑइल प्रेशर पार खाली जायचं. आधी कॉम्प्रेशन घेतलं म्हणजे सिलेंडरमध्ये दाब किती बनतो ते मोजलं, मग प्लगच्या भोकातून थोडं ऑइल टाकून परत घेतलं तर आकडा चांगलाच वर गेला, म्हणजे गळती पिस्टनच्या रिंग आणि बोअरकडून (सिलेंडरचं आतलं भोक) होती, व्हॉल्वकडून नाही. इंजिन खोलायचं ठरलं.

जुन्या इंजिनात प्रत्येक पार्टवर ठरावीकच मटेरियल शिल्लक असतं आणि ते एकदा कापलं की परत येत नाही, म्हणून लेथवर काहीही चढवायच्या आधी सगळं मोजून लिहून काढलं. मेन बेअरिंगच्या कॅप आणि कनेक्टिंग रॉड कुठला कुठे आणि कुठल्या दिशेने बसतो ते पण खुणा करून ठेवलं, ते अदलाबदल झाले की सगळं मोजमाप वाया.

मूळ बोअर ६८ मिमीचा. झीज सगळीकडे सारखी नसते, वरची रिंग जिथे थांबून परत फिरते तिथे सगळ्यात जास्त असते कारण तिथे प्रेशर आणि उष्णता जास्त आणि ऑइल कमी पोचतं. त्यामुळे डायल गेज वर, मध्ये, खाली आणि प्रत्येक ठिकाणी आडवा-उभा लावला. टेपर (वर-खाली व्यास वेगळा) आणि ओव्हल (गोल न राहिलेला बोअर) दोन्ही निघाले. इथे एक गोष्ट जीव तोडून सांगतो, पिस्टन हातात आल्याशिवाय बोअरिंग म्हणजे बोअर कापून मोठा करणं, ते करू नका! ओव्हरसाईजचा (मूळ मापापेक्षा मोठ्या पिस्टनचा) आकडा डब्यावर काहीही असो, पिस्टनचा स्कर्ट म्हणजे खालचा भाग पिनच्या काटकोनात मायक्रोमीटरने मोजायचा, त्यात क्लिअरन्स (दोन पार्टमधली मोकळी जागा) मिळवायचा आणि त्या मापाला बोअर न्यायचा. शेवटचा हात होनिंगचा म्हणजे बारीक दगडाने घासायचा, तिरक्या आडव्या रेघा नीट उठल्या तरच ऑइल धरतं आणि रिंगा बसतात.

क्रँक (पिस्टनच्या जोराने फिरणारा मुख्य दांडा) ग्राइंडिंगला द्यायच्या आधी त्याला तडा आहे का ते तपासून घेतलं, चुंबकीय पावडरने तपासतात ते. तडा असलेला क्रँक घासून उपयोग काय? एकच बिग एंड जर्नल (क्रँकचा कनेक्टिंग रॉड बसतो तो गोल भाग) जास्त ओव्हल होतं पण बेअरिंगचा सेट एकाच साईजचा येतो म्हणून चारही एकाच मापाला घेतले, पहिल्याच अंडरसाईजमध्ये म्हणजे मूळ मापापेक्षा ०.२५ मिमी कमी व्यासात काम झालं. ग्राइंडिंगवाल्या मिस्त्रींना बजावून सांगितलं होतं की जर्नलच्या कडेचा गोलवा तसाच ठेवा, तिथे धारदार कोपरा राहिला की क्रँक तिथूनच तुटतो. त्यांनी तो छान ठेवला, ऑइलच्या भोकांच्या कडाही मारून दिल्या. बसवताना क्लिअरन्स प्लास्टिगेजने (दाबली की पसरणारी प्लास्टिकची बारीक तार) बघितला, जर्नलच्या व्यासाच्या दर इंचाला साधारण एक थाऊ (इंचाचा हजारावा भाग) असा जुना हिशोब आहे, त्याच्या आसपास आला.

कॅमशाफ्टचे लोब (व्हॉल्व उघडणारे उंचवटे) थोडे झिजले होते. ते रिग्राइंड होतात, फक्त लोबचा मागचा गोल भाग लहान होतो म्हणून तेवढं अंतर रॉकरच्या ॲडजस्टरमध्ये निघतंय का ते आधी बघावं लागतं. टॅपेटचे (कॅमवर टेकून व्हॉल्वकडे हालचाल पोचवणारे पार्ट) तळ पण घासून घेतले कारण झिजलेले टॅपेट ताज्या कॅमवर टाकले तर कॅम लगेच खातात.

हेडचं काम त्यामानाने सोपं, गाईड बदलले, सीट कापल्या, लॅपिंग केलं म्हणजे व्हॉल्व सीटवर पेस्ट लावून घासून बसवले, रॉकेल ओतून गळत नाही ना बघितलं.

ऑइल पंप मात्र बरेच लोक धुवून तसाच लावतात आणि मला हे अजिबात पटत नाही. गिअरने झाकणावर खड्डे पाडलेले असतात, तिथूनच प्रेशर पळतं. झाकण जाड काचेवर एमरी पेपर ठेवून सपाट केलं. ब्लॉकच्या ऑइल लाइनचे प्लग काढून आतून ब्रशने साफ केलं, मशिनिंगचा चुरा आत राहिला तर नवीन बेअरिंग पहिल्याच दिवशी जातात.

पहिल्यांदा स्टार्ट करायच्या आधी प्लग काढून स्टार्टर मारला आणि प्रेशर चढल्यावरच प्लग लावले. सुरू झाल्यावर आयडलवर सोडलं नाही, कॅम आणि टॅपेट एकमेकांवर बसेपर्यंत आरपीएम २००० च्या आसपास खालीवर करत ठेवला, ऑइल पण झिंक जास्त असलेलं. ते ऑइल लवकरच काढून टाकलं, टॅपेट परत सेट केले. आता चारही सिलेंडरचं कॉम्प्रेशन जवळपास सारखं आहे, धूर बंद आहे आणि गरम इंजिनवर पण प्रेशरचा काटा टिकून राहतो.