दिवा न लागण्याचा अर्थ

रात्री घरातले सगळे दिवे मालवले, तरी सेट-टॉप बॉक्सचा लाल ठिपका, इन्व्हर्टरचा हिरवा आणि राउटरची लुकलुक हे सारे 'आमचे ठीक चालले आहे' एवढेच सांगण्यासाठी जागे असतात. एअरबस ए-३२० च्या कॉकपिटमधला रिवाज नेमका उलटा आहे आणि तो मला अधिक सभ्य वाटतो. वैमानिकांच्या डोक्यावरच्या पॅनेलवर इंधनाचे पंप, हायड्रॉलिक्स, जनरेटर यांची चौकोनी बटणे ओळीने बसवलेली असतात आणि उड्डाण सुरळीत चालू असताना ती बहुतेक सगळी काळीच राहतात. एखादी यंत्रणा मुद्दाम बंद केली, तर तिच्या बटणाच्या खालच्या अर्ध्या भागात पांढऱ्या अक्षरांत 'ऑफ' उमटते. तीच बिघडली, तर वरच्या अर्ध्या भागात पिवळसर 'फॉल्ट' उजळते. तात्पुरत्या वापराच्या गोष्टींसाठी निळा किंवा हिरवा रंग आहे. लाल मात्र कंजुषीने वापरतात, कारण तो दिसला की हातातले काम टाकून उठायचे असते.

या काळोखात एक खोच आहे. बटण काळे आहे ते सगळे ठीक असल्यामुळे की आतला दिवाच गेल्यामुळे, हे नुसते पाहून कळत नाही; म्हणून त्याच पॅनेलवर सर्व दिवे एकदम लावून पाहण्याचा एक छोटा स्विच ठेवलेला असतो.

चाकांच्या बाबतीत मात्र ही सभ्यता बाजूला ठेवावी लागते. चाके उतरून पक्की बसली, याची ग्वाही तीन हिरवे दिवे देतात. तिथे काळोखावर कोणी विसंबत नाही. २९ डिसेंबर १९७२ च्या रात्री ईस्टर्न एअर लाइन्सचे ४०१ क्रमांकाचे उड्डाण न्यूयॉर्कहून मायामीला पोचत असताना पुढच्या चाकाचा हिरवा दिवा लागलाच नाही. विमान २,००० फुटांवर ऑटोपायलटच्या हवाली करून सगळे त्या दिव्यामागे लागले. दिवा खोलला, तो परत बसवताना वाकडा अडकला, एक जण चाक डोळ्यांनी पाहायला खालच्या कप्प्यात उतरला. दरम्यान उंची राखणारी यंत्रणा नकळत सुटली होती. विमान हळूहळू उतरत गेले, उंची ढळल्याची सूचना देणारी घंटाही वाजली, पण ती कोणाच्या मनापर्यंत पोचली नाही. एव्हरग्लेड्सच्या दलदलीत १०१ माणसे गेली. चाक खाली उतरलेलेच होते. दिव्याच्या आतले दोन्ही बल्ब तेवढे जळाले होते. ज्या विमानात तीन इंजिने, त्यात सगळ्यांचे लक्ष एका बल्बने खाऊन टाकावे, हे मला आजही चमत्कारिक वाटते.

ए-३२० मध्ये या तीन दिव्यांशिवाय पडद्यावरही चाकांचे चित्र दिसते. तिथे प्रत्येक चाकाला दोन त्रिकोण असतात, दोन स्वतंत्र संगणकांनी दाखवलेले. आणि त्यांतला एक जरी हिरवा असला, तरी ते चाक पक्के बसले असे धरून वैमानिक उतरू शकतात.