आविष्कार आणि आमचा तो हॉल

दिवाळी झाली की माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर विचारणा सुरू होते, मॅडम यंदा आविष्कार कधी. राज्यपाल कार्यालयाने २००६ मध्ये विद्यापीठांसाठी ही संशोधन स्पर्धा सुरू केली, त्याची आमच्या भागाची फेरी बरेचदा आमच्याकडे असते. दीपप्रज्वलन, सत्कार, प्रमुख पाहुण्यांचं भाषण, ते दरवर्षी तेच. खरी मजा त्यानंतर, कारण एकाच हॉलमध्ये सहा गट. भाषा-कला-मानव्यविद्या, कॉमर्स-लॉ, प्युअर सायन्स, शेती, इंजिनिअरिंग, मेडिसिन-फार्मसी. गर्दी अर्थातच इंजिनिअरिंगच्या मॉडेलभोवती, लाइट लागतात ना तिथे! आमच्या भाषेच्या टेबलाकडे परीक्षक येतात तेव्हा दमलेले असतात आणि निम्मा हॉल जेवायला गेलेला असतो. हे मी मीटिंगमध्येही बोललेय, इथेही बोलते.

पण मला कायम गलबलून येतं ते घरातला विषय घेऊन आलेल्या पोरांचं बोलणं ऐकून. एका वर्षी एक मुलगी जात्यावरच्या ओव्या घेऊन आलेली. गी पॉटवॅं आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव फिरून एक लाखाच्या वर ओव्या जमवल्या, हे तिने पोस्टरवर लिहिलंच होतं, पण तिचं स्वतःचं काम आजीच्या गल्लीतल्या बायकांवर. बोलता बोलता तिने एक ओवी म्हणूनच दाखवली, माइक नव्हता तरी पार मागे ऐकू गेली. शेजारच्या टेबलावर फार्मसीचा मुलगा, कोकणातला, विषय विंचूदंश. लाल विंचवाच्या विषाने शरीरात अॅड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो, बीपी चढतं, मग हृदय थकतं आणि फुप्फुसात पाणी होतं, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी त्यावर प्राझोसिन हे बीपीचं साधं औषध वापरून दाखवलं आणि १९८० च्या दशकात ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं, हे सगळं तो इतक्या सोप्या मराठीत सांगत होता की आमचे शिपाईमामा ट्रे हातात धरून तिथेच थांबले. पण त्याचा सर्व्हे अडलेला. पेशंटला आधी मांत्रिकाकडे नेलं होतं का, हे बायका त्याला सांगतच नव्हत्या. ओवीवालीने ऐकलं आणि म्हणाली, अरे तू फॉर्म घेऊन उभा राहतोस ना म्हणून, आधी खाली बस, त्यांचं काम चालू असेल त्यात हात लाव, प्रश्न नंतर विचार. त्याने वहीत लिहून घेतलं! आर्ट्सवाल्यांचं काय संशोधन असं विचारणारे आमचे काही सहकारी त्या वेळी मस्टरवर सही करून घरी पोचलेले होते, त्यांना हे कसं दिसणार. बक्षीस मॉडेललाच गेलं, असो.

आता आभार. नावं घेत नाही, एखादं सुटलं तर वर्षभर ऐकावं लागतं. टेबलं लावणारे दोन्ही शिपाईमामा, पहाटे पोस्टर छापून देणारा फ्लेक्सवाला, एक्स्टेन्शन बोर्ड पुरवणारे फिजिक्सचे लॅब असिस्टंट, सर्टिफिकेटवरची नावं तपासणाऱ्या ऑफिसातल्या ताई, एनएसएसची पोरं, लायब्ररीतले काका, कॅन्टीनच्या मावशी (पोहे कमी पडले तेव्हा घरून आणले त्यांनी), जनरेटरवाला, आणि हो, सफाईच्या ताई, त्या सगळ्यात शेवटी जातात. यंदा भाषेचं टेबल दाराजवळ मागितलंय मी, लेखी अर्ज दिलाय, बघू.