गुडघेदुखीवाल्यांचं गाव, आणि नुसते जिने

आईला घेऊन ऑस्ट्रियातल्या बाड गास्टाइनला गेलो तेव्हा माझ्या डोक्यात चित्र होतं ते राजापूरजवळच्या उन्हाळे गावासारखं, म्हणजे गरम पाण्याचं कुंड, फक्त आल्प्समधलं आणि महाग. 'बाड' म्हणजे स्नान. संधिवातवाले शतकानुशतकं इथे येतायत म्हटल्यावर आईचे गुडघे आधीच खूश झालेले. आणि उतरून बघतो तर काय, गाव उभं! आडवं असं काही नाहीच.

म्हणजे असं की गावाच्या बरोब्बर मधून धबधबा कोसळतो, तीन टप्पे मिळून 341 मीटर, आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या कड्यांवर आठ-आठ दहा-दहा मजली हॉटेलं चिकटवलेली. अगदी दादरच्या जुन्या बिल्डिंगी कुणीतरी उचलून घाटात ठेवल्यासारखी, फक्त नक्षीकाम जास्त. तळमजला कुठला हे शेवटपर्यंत कळलं नाही. 1970 च्या दशकातलं काँक्रीटचं कॉंग्रेस सेंटर, म्हणजे परिषदा-संमेलनांची इमारत, तर असं आहे की आपण रस्त्यालगतच्या गच्चीवर निवांत उभे असतो आणि बिल्डिंग असते पायाखाली. गेऱ्हार्ड गार्स्टेनाउअर नावाच्या आर्किटेक्टचं काम. लोक त्याला नावं ठेवतात, मला आवडलं बुवा, निदान डोंगर आहे हे त्याने मान्य तरी केलंय. त्याचंच 1968 चं फेल्सनबाड, खडक फोडून बसवलेला पोहण्याचा तलाव, कातळाची भिंत तशीच उघडी.

आता एवढ्या अडचणीच्या जागी गाव का, तर झरे तिथेच फुटतात. पाणी चाळीस डिग्रीच्या वर आणि त्यात रेडॉन, म्हणजे किरणोत्सारी वायू, जो घराच्या तळघरात साठला तर फुप्फुसाच्या कॅन्सरची भीती आणि इथे त्याचेच पैसे मोजायचे! जर्मनीचा कैसर विल्हेल्म पहिला उन्हाळ्यात इथे यायचा, मागोमाग त्याचा पंतप्रधान बिस्मार्क, आणि 1865 मध्ये प्रशिया (त्याचं जर्मन राज्य) आणि ऑस्ट्रियाने डेन्मार्ककडून जिंकलेल्या श्लेसविग-होल्स्टाइन या प्रांतांची वाटणीही इथेच, श्ट्राउबिंगर हॉटेलात केली. (पुढच्याच वर्षी दोघांचं युद्ध झालं, पाण्याचा गुण दिसला नाही.) 1905 ला रेल्वे आली, 1909 ला ग्रँड हॉटेल द ल्युरोप उभं राहिलं, आणि मग कधीतरी हे राजेरजवाड्यांचं प्रकरण ओसरलं. मधली कितीतरी वर्षं धबधब्याशेजारची मोठमोठी हॉटेलं कुलूपबंद सडत होती, श्ट्राउबिंगर आता 2023 मध्ये कुठे परत उघडलं.

आई हे सगळं ऐकत होती की नाही देवाला माहीत. ती पायऱ्या मोजत होती. एकशेबारा झाल्यावर पुलावर टेकली, तुषारांनी चष्मा पांढरा, पदराने पुसला तरी लगेच परत पांढरा. "गुडघे दुखणाऱ्यांसाठी आहे ना रे हे?" एवढंच म्हणाली. गावातला त्यातल्या त्यात सपाट रस्ता कैसरच्या नावाचा आहे, कैसर-विल्हेल्म प्रोमेनाड, म्हणजे त्याचेही गुडघे आमच्याच जातकुळीचे असणार.

संध्याकाळी गरम पाण्यात तासभर बसली तेव्हा मात्र चेहरा खुलला. दुसऱ्या दिवशी परतताना ट्रेनच्या खिडकीतून खाली रुंद हिरवं खोरं आणि त्यात ऐसपैस पसरलेलं एक गाव दिसलं. मी उत्साहाने सांगितलं, हे बाड होफगास्टाइन, इथे आपलं वरचंच पाणी येतं, 1830 च्या सुमारासच पाइपलाइन टाकून खाली आणलंय.

आईने खिडकीतून बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"पाणी तेच?"

"तेच."

"आणि जमीन सपाट?"