आयुष्याचं लाकूड

भाचा चीनहून आला तेव्हा त्यानं सगळ्यांसाठी काही ना काही आणलं होतं. मुलांना कागदी पंखे, मला चहाचा डबा आणि माझ्या टेबलासाठी म्हणून आणखी एक वस्तू, जी पिशवीतून नेमकी आईच्या हाताला लागली. वीतभरही नसेल, गडद तांबूस लाकडाची पेटी. एक टोक उंच, दुसरं बुटकं, झाकण उपड्या होडीसारखं फुगीर, अंगावर सोनेरी चिनी अक्षरं. आईनं झाकण काढलं, वास घेतला, म्हणाली, "किती सुबक आहे रे! काय ठेवायचं यात?"

"आजी, ती शवपेटी आहे."

आईनं पेटी ठेवली नाही, टाकली. मग हात धुवायला गेली.

भाचा तीन महिने लिउझोऊला होता, गाड्यांच्या सुट्या भागांच्या कामासाठी. दक्षिणेकडच्या ग्वांग्शीमधलं हे शहर आज मोटारींसाठी ओळखलं जातं, पण जुनी ख्याती लाकडाची. चिनी म्हणच आहे: जन्मावं सुझोऊत, राहावं हांगझोऊत, जेवावं ग्वांगझोऊत आणि मरावं लिउझोऊत. इथली शवपेटी इतकी चांगली, की मरण्यासाठी मुद्दाम गाव गाठावं. आता त्याच पेट्यांच्या चिमुकल्या नकला दुकानात आठवण म्हणून विकतात आणि लोक हौसेनं घेतात. वरिष्ठांना भेट देतात, दुकानाच्या गल्ल्याजवळ ठेवतात.

कारण काय, तर उच्चार. शवपेटी म्हणजे 'ग्वान-त्साय'. 'ग्वान' म्हणजे सरकारी अधिकारीही, आणि 'त्साय' म्हणजे धन. अक्षरं वेगळी, उच्चार तोच. पेटीवरच्या सोनेरी अक्षरांत तेच लिहिलंय: हुद्दा वाढो, पैसा येवो. गंमत म्हणजे याच लोकांत कुणाला घड्याळ भेट दिलं तर घरात सुतक आल्यासारखे चेहरे होतात. 'घड्याळ देणं' आणि 'शेवटच्या घटकेला सोबत करणं' यांचा उच्चार एकच. म्हणजे शवपेटी चालेल, भिंतीवरचं घड्याळ नको.

हसू येतं खरं, पण आपण तरी काय वेगळं करतो? आमच्याकडे बांगडी फुटत नाही, वाढवते. दुकान बंद होत नाही, तेही वाढवतात. दारातून निघणाऱ्यानं 'जातो' म्हटलं की आई अजूनही दटावते, "येतो म्हण." शब्दाला घाबरणारी माणसं सगळीकडे आहेत. चिन्यांनी फक्त हिशेब थोडा फिरवला: वाईट वस्तूच्या नावात चांगला शब्द सापडला ना, मग वस्तूच चांगली.

माणूस जिवंत असताना करून ठेवलेल्या पेटीला तर ते शवपेटी म्हणतच नाहीत. तिला 'शोउ-त्साय' म्हणतात, म्हणजे दीर्घायुष्याचं लाकूड. खेड्यांत साठी ओलांडली की मुलं आईवडिलांसाठी ती करायला टाकत. जाड फळ्या, शक्यतो देवदाराच्या जातीचं किंवा सुरूसारखं टिकाऊ लाकूड. विलो नको, कारण त्याला बी धरत नाही म्हणे, मग वंश कसा चालणार? तयार पेटी माळ्यावर किंवा मागच्या खोलीत ठेवायची, अधूनमधून लाखेचा नवा हात द्यायचा. रिकामी का ठेवायची म्हणून काही घरांत तिच्यात धान्य भरत. म्हातारी रोज त्या खोलीतून ये-जा करणार, पेटीतलं धान्य काढून रांधणार आणि शेजारणीला म्हणणार, माझ्या मुलानं बघ किती जाड फळी घातलीय.

आणि हे सगळं करायला उत्तम काळ कुठला? अधिक महिना! त्यांचंही पंचांग चांद्र-सौर, त्यामुळे दोन-तीन वर्षांनी एक महिना जास्तीचा येतोच. २०२३ साली आपल्याकडे अधिक श्रावण होता, त्यांचा अधिक महिना मार्च-एप्रिलमध्येच होऊन गेला होता. महिना जास्तीचा, तसं आयुष्यही जास्तीचं मिळावं म्हणून त्यात पेटी करायची, शेवटचे कपडे शिवायचे. काही भागांत लेकी आईवडिलांना नवे जोडे देतात. आमच्याकडे धोंड्याच्या महिन्यात जावयाला तेहेतीस अनारसे. सगळं जावयाचंच चांगलं चालतं, आईबापाला काय मिळतं, असा एक कडू विचार मनात येऊन गेला. असो.

पेटी बंद करतानाही खेळ शब्दांचाच. तैवानात आणि समोरच्या फूज्यान प्रांताकडे चार कोपऱ्यांत चार खिळे ठोकतात आणि पाचवा नुसता टेकवल्यासारखा बसवतात. तो मोठ्या मुलानं किंवा नातवानं दातांनी उपटायचा. खिळा म्हणजे 'डिंग', आणि घरातला पुरुष वारस तोही 'डिंग'. बाप पेटीत गेला, पण 'डिंग' घरात राहिला पाहिजे. वडील गेलेत, तोंडात लोखंडाची चव आहे, भोवती सगळे बघताहेत, त्या मुलाला त्या क्षणी काय वाटत असेल कोण जाणे. डोळ्यांत पाणी असताना खिळा चावणं सोपं नसणार.

पेटीवरून भांडणं मात्र फार जुनी. पूर्वी आत एक पेटी आणि तिच्याबाहेर दुसरी, अशी रीत होती आणि माणूस जितका मोठा तितके थर जास्त. सम्राटाला सात, साध्या विद्वानाला दोन. कन्फ्यूशियसचा सगळ्यांत लाडका शिष्य यान हुई तरुणपणीच गेला. त्याचा बाप गुरुजींकडे आला: तुमची गाडी विका आणि माझ्या पोराला बाहेरची पेटी करून द्या. शिष्यासाठी धाय मोकलून रडलेला हा गुरू त्याला सरळ नाही म्हणाला. माझा स्वतःचा मुलगा गेला तेव्हाही आतलीच पेटी होती, बाहेरची नव्हती, आणि माझ्या दर्जाच्या माणसाला पायी फिरणं शोभत नाही. मला हा प्रसंग फार आवडतो, कारण यात सगळे खरे आहेत. बाप खरा, दुःख खरं आणि गाडीही खरी.

याउलट च्वांग्झी हा दुसरा जुना चिनी तत्त्वज्ञ. तो मरायला टेकला तेव्हा शिष्य थाटाच्या अंत्यविधीचे बेत करू लागले. तो म्हणाला, आकाश आणि पृथ्वी याच माझ्या दोन पेट्या, आणखी काय हवं? शिष्य म्हणाले, गुरुजी, कावळे-घारी खातील. तो म्हणाला, वर कावळे, खाली मुंग्या. एकाच्या तोंडचा घास काढून दुसऱ्याला देण्याचा हा पक्षपात कशाला?

पण लोकांनी ऐकलं कन्फ्यूशियसचंही नाही आणि च्वांग्झीचंही नाही. १९७२ साली चांगशा शहराजवळ मावांगदुईला शिन झुई या सरदारपत्नीची कबर उघडली, तर एकात एक चार पेट्या निघाल्या, लाखेनं रंगवलेल्या, आणि आत दोन हजार वर्षांपूर्वीची बाई, कातडी मऊ, सांधे वाकताहेत, पोटात खरबुजाच्या बिया. त्याहून जुना, इसवीसनपूर्व पाचव्या शतकातला एक राजा १९७८ साली हूपेइ प्रांतात सापडला, त्याच्या आतल्या पेटीवर दारं-खिडक्या रंगवलेल्या. आत्म्याला बाहेर जायची वाट हवी ना! आणि त्याच कबरीत एका कुत्र्यालाही स्वतंत्र पेटी.

मी हे सगळं वाचून आईला सांगत होते. ती ऐकत नसल्यासारखं दाखवून भाजी निवडत होती. मग मी शेवटची गोष्ट सांगितली. १९५६ साली माओनं आणि इतर नेत्यांनी दहनाच्या बाजूनं सह्या केल्या. (माओ स्वतः मात्र अजून बीजिंगमध्ये काचेच्या पेटीत आहे.) जमीन वाचवायची म्हणून हळूहळू दहनाची सक्ती वाढत गेली, आणि २०१८ साली जिआंग्शी प्रांतात अधिकारी गावोगाव फिरून म्हाताऱ्यांच्या घरांतून तयार पेट्या उचलू लागले. मैदानात ढीग लावून यंत्रांनी फोडल्या. पेटी नेऊ देणार नाही म्हणून म्हातारी माणसं आत जाऊन पडली. पक्षाच्याच वृत्तपत्रानं टीका केली, इतकं ते चिघळलं.

आईचा हात थांबला. तिच्या देवघराच्या फळीवर काशीहून आणलेला गंगेचा गडू आहे, तोंड झाळलेला. तो आणल्यावर मावंदं घातलं होतं, तेव्हा मी शाळेत होते. ट्रंकेत डांबरगोळ्या घालून ठेवलेलं एक हिरवं लुगडं आहे, त्याला हात लावायची आम्हाला परवानगी नाही.

"पेट्या नेल्या," ती म्हणाली, "मग त्यांनी धान्य कशात ठेवलं?"

मला उत्तर देता आलं नाही.

पुढच्या आठवड्यात माझ्या टेबलावरून ती छोटी पेटी नाहीशी झाली. शोधताना आईच्या कपाटाच्या खणात सापडली. आत तिच्या कुड्यांच्या दोन फिरक्या, एक सेफ्टी पिन आणि तुटक्या मंगळसूत्रातले चार काळे मणी.

"राहू दे तिथेच," ती पलंगावरून म्हणाली. "झाकण घट्ट बसतं गं याचं."