जे. आर. रिचर्डचा उजवा हात

आजाराने कारकीर्द हिरावून घेतलेल्या बेसबॉलपटूंची आठवण काढताना पहिले नाव लू गेहरिगचे येते. मला मात्र ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोज या अमेरिकन संघाच्या जे. आर. रिचर्डची हकिकत अधिक अस्वस्थ करते, कारण तो आजारी आहे यावरच अनेकांचा विश्वास नव्हता.

सहा फूट आठ इंच उंचीच्या या कृष्णवर्णीय पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या खेळाडूने, १९७८ मध्ये ३०३ आणि १९७९ मध्ये ३१३ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले फलंदाज) मिळवले होते. १९८० च्या जुलैमध्ये लॉस एंजेलिसला झालेल्या, दोन लीगच्या निवडक खेळाडूंमधील ऑल-स्टार सामन्यात नॅशनल लीगकडून गोलंदाजीची सुरुवातही त्यानेच केली. मात्र त्याच हंगामात, काही डाव टाकले की हातात जीव उरत नाही, अशी तक्रार तो करू लागला होता, आणि पुढे बोटेही बधिर होऊ लागली. वृत्तपत्रांतून त्याला कामचुकार ठरवले गेले. संघात नव्याने आलेला पिचर नोलन रायन याच्या दहा लाख डॉलरच्या वार्षिक मानधनाचा त्याला हेवा वाटतो, असेही बोलले गेले. त्या हंगामात त्याने दहा सामने जिंकले होते आणि दर नऊ डावांमागे दिलेल्या धावांची त्याची सरासरी अवघी १.९० होती, एवढी उत्तम कामगिरी करणाऱ्याला दुखणे कसले, असा तर्क लोकांनी केला असावा. एखाद्या गोऱ्या खेळाडूच्या तक्रारीकडे इतक्या संशयाने पाहिले गेले असते का, हा प्रश्नही मला गैरलागू वाटत नाही.

जुलैअखेरीस रुग्णालयात तपासणी झाली तेव्हा उजव्या हाताकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत अडथळा आढळला, तरीही देखरेखीखाली सराव करण्यास हरकत नाही असे ठरले. ३० जुलै रोजी अ‍ॅस्ट्रोडोम या संघाच्या मैदानात चेंडू टाकता टाकता तो कोसळला. मानेतील रक्तवाहिनीत गुठळी अडकल्याने त्याला पक्षाघाताचा झटका आला होता, आणि ती काढण्यासाठी तातडीने शस्त्रक्रिया करावी लागली. कॉलरबोन आणि पहिली बरगडी यांच्यामध्ये रक्तवाहिनी चिमटली जात होती, हे पुढील तपासण्यांतून उघड झाले. चेंडू टाकताना हात वर जाई तेव्हा हा दाब वाढत असणार.

तेव्हा त्याचे वय अवघे तीस वर्षांचे होते. कनिष्ठ लीगमध्ये त्याने पुनरागमनाचा प्रयत्न केला, पण शरीराची पूर्वीची चपळाई परतली नाही आणि मेजर लीगमध्ये, म्हणजे सर्वोच्च स्तरावर, तो पुन्हा कधीच उतरला नाही. नव्वदच्या दशकात, घर आणि पैसा दोन्ही गमावल्यावर, त्याला काही काळ ह्यूस्टनमधील एका पुलाखाली राहावे लागले. त्यातून तो सावरला आणि पुढे धर्मोपदेशक झाला. २०२१ मध्ये, वयाच्या ७१ व्या वर्षी, त्याचे निधन झाले.